ताई, दोरा आणि रोह्याची गाडी

(ज्यांना भाग ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी हे लिहून काढलंय. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय. मध्ये कुकरच्या शिट्ट्या येतात, त्या तेवढ्या गाळल्यात.)



कामाच्या ठिकाणी सोबतच्या माणसाशी पटत नसेल तर काय करायचं, यावर बोला असं बऱ्याच जणींनी सांगितलं होतं. मी टाळत होते. कारण यावर बोलायचं म्हणजे स्वतःचीच गोष्ट सांगावी लागणार, आणि त्या गोष्टीत मी काही फार शहाणी दिसत नाही. पण आता ती गोष्ट घडून गेलीय, आणि जिच्याबद्दल बोलणार आहे तिला विचारूनच बोलतेय. ती म्हणाली, "सांग, पण माझं नाव नको आणि पार्लरचं नको." तर नावं नाहीत. ती ताई, आणि पार्लरची मालकीण मॅडम.

मी राहते रोह्याला, काम पेणला. सकाळची गाडी पकडायची, रोहा, निडी, नागोठणे, कासू आणि मग पेण. पाऊण तास धरा, क्रॉसिंगला थांबवली तर तास. ताई पण रोह्याचीच. म्हणजे सासर रोह्याला. माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठी. मी बारावीनंतर पहिल्यांदा हातात दोरा धरला तो तिच्याच शेजारी उभं राहून. आधी स्वतःच्या पायावरचे केस, मग बहिणीच्या हातावरचे, मग कुठे कस्टमरचं कपाळ. भुवईला हात लावायला तिने मला चार महिने दिले नाहीत. तेव्हा राग यायचा, आता कळतं.

तर भांडण झालं ते सफाईवरून.

आता सफाई म्हटलं की तुम्हाला वाटेल एकजण गबाळी असणार आणि एकजण टापटीप. तसं नव्हतं. ताईइतकी स्वच्छ बाई मी पाहिली नाही. सकाळी शटर वर गेलं की आधी केर, मग फरशी, मग आरसे. आरसा ती वर्तमानपत्राच्या बोळ्याने पुसते, एक डाग राहू देत नाही. ट्रॉलीवरच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावलेल्या. उदबत्ती. खुर्चीखाली एक केस दिसला तर कस्टमर बसलेली असताना सुद्धा वाकून उचलेल. आणि मी? माझ्या कोपऱ्यात दुपारपर्यंत केसांचा पुंजका लोळत असतो. पण मी प्लकर साबणाने धुऊन, स्पिरिटमध्ये बुडवून ठेवते. कंगव्यातले केस काढते, तो धुते, मग औषधाच्या पाण्यात टाकते आणि घड्याळ बघते. ताई प्लकर नॅपकिनला पुसायची आणि पुढच्या कस्टमरला घ्यायची. नॅपकिन मात्र पांढराशुभ्र, घरी उकळून आणलेला!

हा फरक मला तेव्हा मांडता आला नसता. स्वच्छ दिसणं वेगळं आणि जंतू मरणं वेगळं. ताईला पहिलं येत होतं, मला दुसरं. आणि आम्ही दोघी दुसरीला घाणेरडी समजत होतो.

मी हे शिकले कोविडमध्ये, खोटं कशाला बोलू. लॉकडाउननंतर 28 जून 2020 ला राज्यात सलून आणि पार्लर परत उघडायला परवानगी मिळाली. आठवत असेल तुम्हाला, सगळं नव्हतं उघडलं. केस कापणं, रंगवणं, वॅक्सिंग, थ्रेडिंग एवढंच, त्वचेचं काम बंद. फेशियलचा बेड आम्ही चादर टाकून झाकून ठेवला होता, आजारी माणसासारखा. हातमोजे, एप्रन, मास्क. प्रत्येक कस्टमरनंतर खुर्ची पुसायची, दर दोन तासांनी फरशी, टॉवेल वापरून टाकून देण्याचे, आणि जी हत्यारं टाकून देता येत नाहीत ती प्रत्येक वेळी निर्जंतुक करायची. शिवाय काय काय काळजी घेतो ते कागदावर लिहून भिंतीला लावायचं. ताईने ते सगळं पाळलं, माझ्यापेक्षा नीट पाळलं. आणि तेव्हा आमचं एकदाही वाजलं नाही. हे लक्षात ठेवा, यावर मी परत येणार आहे.

मग हळूहळू मास्क गेले, हातमोजे गेले, भिंतीवरचा कागद पिवळा पडून एक दिवस पंख्याच्या वाऱ्याने खाली आला तो कुणी परत लावला नाही. माझ्या डोक्यात ते राहिलं, ताईच्या डोक्यातून गेलं. म्हणजे असं मला वाटलं.

भांडणाचा दिवस. लग्नसराई होती, वैशाखातली. बाहेर पाच-सहा जणी बसलेल्या, एसी नुसता आवाज करणारा. ताई एका मुलीच्या भुवया करत होती. आता थ्रेडिंग कसं करतात ते बघितलंय ना तुम्ही? दोऱ्याचं एक टोक दातात, बाकी दोन हातांत, मध्ये पीळ. पीळ पुढेमागे सरकतो आणि केस उपटला जातो. दाताने धरलं की ताण बरोबर येतो, मान जराशी हलवली की दोरा सैल-घट्ट होतो. जुन्या बायका सगळ्या असंच शिकल्या. पण दोरा ओला होतो. ती थुंकी पिळाबरोबर कस्टमरच्या भुवईवर, आणि भुवई तर तेव्हा बारीक बारीक सोललेलीच असते. उलट दिशेने तिथलं जे काही असेल ते दोऱ्यावरून आपल्या तोंडात. भुवया कोरल्यानंतर तिथे चामखिळी उठल्याच्या, पू झाल्याच्या नोंदी त्वचारोगतज्ज्ञांनी करून ठेवल्यात. तोच दोरा गळ्यात अडकवून काम करता येतं. मी तसंच करते.

मी काय केलं? त्या मुलीसमोर, बाहेरच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ताई, दोरा तोंडात नका ना धरू, घाण वाटतं ते."

ताईचे हात थांबले नाहीत. तिने दुसरी भुवई पूर्ण केली, आरसा दाखवला, पावडर लावली, पैसे घेतले. "ये हां परत," म्हणाली. मग मागच्या खोलीत आली आणि दाराशी उभी राहून म्हणाली, "मना शिकवतेस आता? माझ्याच हाताखाली शिकलीस, आणि मी घाण?"

मी म्हटलं, तुम्हाला नाही म्हटलं, दोऱ्याला म्हटलं.

ती काही बोलली नाही. आणि मग तेरा दिवस काहीच बोलली नाही.

"घाण" या शब्दावर थोडं थांबते. आपल्याकडे हा शब्द कामावर पडत नाही, माणसावर पडतो. त्याच्या घरावर, आईने काय वळण लावलं त्यावर, आणि कुणाकुणाच्या बाबतीत तर जातीवर सुद्धा. "हिशोब चुकला" म्हटलं तर माणूस परत बेरीज करतो. "घाण" म्हटलं की माणूस त्या खोलीतूनच निघून जातो, शरीराने नाही गेला तरी. मी कोर्स केला, यूट्यूबवर पन्नास व्हिडिओ बघितले, जंतूंची नावं पाठ केली, पण एवढी साधी गोष्ट मला कळली नव्हती. चूक काढायची असेल तर कस्टमर गेल्यावर काढायची, आणि हत्याराची काढायची. "हा प्लकर धुवायला हवा" एवढंच. त्यात ताई नाही, मी नाही, प्लकर आहे.

तेरा दिवस एकाच गाडीने गेलो-आलो. कल्पना करा. लेडीज डब्यात बसणाऱ्या सगळ्या ओळखीच्या. पहिल्या दिवशी ताई खिडकीशी बसली आणि मी दाराशी उभी राहिले, तेव्हाच डब्याला कळलं. नागोठण्याला चढणारी एक मावळणबाई, म्हणजे माझी कुणी नाही, सगळा डबा तिला मावळण म्हणतो, ती मला म्हणाली, "काय गं, ताईचं आणि तुझं काय बिनसलं?" मी म्हटलं काही नाही. ती म्हणाली, "काही नाही म्हणजे बरंच आहे."

पार्लरमध्ये अबोला आणखी वाईट. कारण बोलल्याशिवाय काम होत नाही. "वॅक्स गरम झालं का" हे विचारायला सुद्धा आम्ही कस्टमरला मध्ये घालायचो. आणि मी त्या दिवसांत जास्तच कडक झाले. ताईने पुसलेली ट्रॉली मी परत पुसायची, तिच्या देखत. तिने ठेवलेले कंगवे उचलून परत औषधात टाकायची. मी बरोबर होते ना! बरोबर असलेलं माणूस किती त्रासदायक असतं, ते मला माझ्याकडे बघून कळायला हवं होतं.

मग तो दिवस. सांगायला लाज वाटते, पण सांगते, कारण यातून कुणाचा जीव वाचू शकतो.

पेडिक्युअरचा टब. त्याच्या तळाला पिवळट डाग पडले होते. ताईने ते घालवायला बाथरूम धुवायचं ॲसिड त्यात ओतून ठेवलं होतं, अर्धा तास राहू दे म्हणून. मला माहीत नव्हतं, कारण आम्ही बोलतच नव्हतो. मी गेले आणि माझं ते निर्जंतुकीकरण, सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे आपलं ब्लीचचं पाणी, तेही पातळ न करता, भसकन टबात ओतलं.

ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. हे पुस्तकात वाचलेलं वेगळं आणि दोन बाय तीनच्या मोरीत नाकात जाणं वेगळं. घसा आवळल्यासारखा झाला, डोळ्यांतून पाणी, खोकला थांबेना. मी वेड्यासारखी टबावर वाकून त्यात पाणी ओतायला बघत होते. ताईने मागून माझा दंड धरला आणि ओढलं. अक्षरशः ओढलं, दंडाला वळ उठला होता. "बाहेर हो. सगळ्यांनी बाहेर व्हा." शटर पूर्ण वर, मागचं दार उघडं, पंखे चालू. एक बाई डोक्याला रंग लावून बसलेली, ती तशीच काळा फेस घेऊन रस्त्यावर. समोरचा गणपतीच्या कारखान्यातला पोऱ्या रंगाचा ब्रश हातात धरून बघत उभा. तासाभराने आत गेलो.

संध्याकाळी मॅडम आल्या. मोरीचा वास अजून होता. "काय झालं?" मला वाटलं, आता ताई सांगणार आणि माझी नोकरी गेली. ताई म्हणाली, "टब धुताना औषध जास्त पडलं. माझ्याकडून."

त्या दिवशी गाडीत मी तिच्या शेजारी बसले. तरीही बोललो नाही. मला काय बोलावं तेच कळेना.

बोलणं सुरू झालं ते दुसऱ्या दिवशी, आणि त्याचं श्रेय रेल्वेला. कासूला गाडी थांबवली. मागून कुठलीतरी लांब पल्ल्याची गाडी पुढे काढायची होती, आम्ही अर्धा तास तिथेच. उकाडा असा की डबा तव्यासारखा. ताई म्हणाली, "पाणी आहे का तुझ्याकडे?" तेरा दिवसांनी पहिलं वाक्य. मी बाटली दिली. तिने दोन घोट घेतले, झाकण घट्ट लावलं आणि बाटली परत दिली. मी उरलेल्या पाण्यात रुमाल भिजवायला लागले, तर म्हणाली, "सांडू नकोस गं."

आणि मग ती बोलायला लागली.

ताईचं माहेर पेणच्या खारेपाटातलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पेणच्या पश्चिमेला खाडीकडेचा जो सखल भाग आहे, बांध घालून भातशेती केलेला, तो खारेपाट. चारी बाजूंना पाणी आणि प्यायला थेंब नाही, सगळं खारं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची. याच तालुक्यात हेटवण्याचं धरण आहे, त्याचं पाणी नवी मुंबईच्या बाजूला जातं, आणि खारेपाटातल्या बायका हंडे घेऊन उभ्या. वर्षानुवर्षं हे चाललंय. ताई म्हणाली, "आम्ही तांदूळ धुतलेलं पाणी भांड्याला, भांड्याचं झाडाला. आईने कधी एक तांब्या फुकट ओतलेला मी पाहिला नाही. तू दर कस्टमरला टब भरतेस आणि ओततेस, माझ्या पोटात कालवतं. मी दोघींत एकदा बदलते. घाण म्हणून नाय. पाणी म्हणून."

मी रोह्याची. आमच्या दारात कुंडलिका. वर भिऱ्याला टाटांचं वीजघर आहे, तिथून सोडलेलं पाणी नदीत येतं, त्यामुळे ऐन मे महिन्यातही नदी वाहती असते, त्याच पाण्यावर कोलाडला राफ्टिंग चालतं. पाणी ओतताना हात आखडायचा हे मला कधी शिकवायची वेळच कुणावर आली नाही. दहा वर्षं एका गाडीत बसून मला हे माहीत नव्हतं.

दुसरं तिने सांगितलं ते पैशाचं. मला पगार आहे, ठरलेला. ताई टक्केवारीवर आहे. जितक्या कस्टमर, तितके पैसे. प्लकर धुऊन दहा मिनिटं औषधात ठेवायचा म्हणजे तिच्या लेखी एक भुवई गेली. आणि प्लकर एकच, कारण मॅडमनी प्रत्येकीला एकच सेट दिलेला. "तू घड्याळ बघत बसतेस तेव्हा तुझा पगार चालू असतो," ती म्हणाली. "माझं मीटर बंद."

यावर मला उत्तर नव्हतं. मी इतके दिवस धरून चालले होते की तिला समजत नाही. तिला समजत होतं. परवडत नव्हतं.

आणि तिसरं, माझ्या औषधांबद्दल. ती मला तळवे दाखवत होती, बोटांच्या पेरांना भेगा. मी ते पाणी अंदाजाने करायचे, जास्त टाकलं की जास्त मरतील असं. ते चूक आहे. बाटलीवर पाच टक्के लिहिलेलं असेल तर एक भाग त्यातलं आणि नऊ भाग साधं पाणी, म्हणजे अर्धा टक्का होतं, रक्त लागलेल्या जागेला सुद्धा तेवढं पुरतं, दहा मिनिटं. फरशीला तर त्याहून कितीतरी पातळ चालतं. रोजच्या रोज ताजं करायचं, कालचं वापरायचं नाही. स्टीलच्या हत्यारांना ते लावायचंच नाही, गंज चढतो. आणि आधी साबणाने धुतल्याशिवाय काहीच उपयोग नाही, कारण मळ आणि केस असले की औषध त्यांच्यावरच संपून जातं. म्हणजे ताईचं घासणं आणि माझं बुडवणं, दोन्ही लागतं, याच क्रमाने. हे मला माहीत होतं बरं का, कोर्सच्या वहीत लिहिलेलं होतं. पण घासायचा कंटाळा म्हणून मी औषध वाढवायचे.

गाडी सुटली तेव्हा आमचं सगळं मिटलं असं काही झालं नाही. सिनेमा नाही तो. पेणला उतरताना ताई म्हणाली, "पण तू मला त्या पोरीसमोर बोललीस." मी म्हटलं, "हो. चुकलं माझं." ती म्हणाली, "चुकलंच." एवढंच. रिक्षा पकडली.

नंतर जे केलं ते असं. आधी आम्ही दोघींनी मिळून मॅडमशी बोलायचं ठरवलं. एकेकटीने नाही. मी एकटी गेले असते तर ती ताईची तक्रार झाली असती, आणि ताई एकटी गेली असती तर पैशाची. दोघी गेलो तेव्हा ती प्लकरची गोष्ट झाली. ताईने आधी दोन दिवस वहीत वेळ लिहून काढला होता, किती कस्टमर आणि मध्ये किती मिनिटं. मला वाटलं होतं मॅडम ब्युटी-बिझनेसचं काहीतरी भाषण देतील. त्यांनी वही बघितली आणि म्हणाल्या, "तीन-तीन सेट घेऊ, मग एक वापरात, एक औषधात, एक वाळत." पाच मिनिटांत. कित्येक महिन्यांचं आमचं वैर दोन जादा प्लकर, दोन कात्र्या आणि चार कंगव्यांचं निघालं. कापसाच्या गाठोड्यापेक्षा कमी खर्चाचं.

सगळं नाही दिलं त्यांनी. टक्केवारी बदलायला नाही म्हणाल्या. आणि मी निळ्या दिव्याची ती पेटी मागितली होती, तीही नाही. पण त्याबद्दल नंतर वाचलं तेव्हा वाटलं बरंच झालं. त्या पेटीत स्वच्छ हत्यार स्वच्छ राहतं एवढंच. प्रकाश जिथे पडतो तिथेच काम करतो, कात्री मिटलेली असेल तर आतल्या पात्याला काही होत नाही. त्यापेक्षा ताईने सांगितलेला उपाय बरा, ब्लॅकहेड काढायची सळई आणि प्लकर रात्री पातेल्यात वीस मिनिटं उकळायचे. सगळेच जंतू मरत नाहीत त्याने, काही चिवट उरतात, त्यासाठी दवाखान्यासारखा दाबाचा ऑटोक्लेव्ह लागतो. पण आम्ही काही ऑपरेशन करत नाही.

टबाचं काय करायचं यावर आम्ही आणखी आठवडाभर भांडलो, पण बोलून. मी तिला कॅलिफोर्नियातली एक गोष्ट सांगितली. 2000 साली तिथे वॉटसनव्हिल नावाच्या गावी एका नेल सलूनमध्ये शंभराहून जास्त कस्टमरच्या पायांवर गळवं उठली, महिनोन् महिने बरी न होणारी. तपासणी झाली तेव्हा पाय बुडवायच्या टबांमध्ये, पाणी खेचणाऱ्या जाळीच्या मागे, केसांचा आणि कातडीचा थर साचलेला सापडला, त्यात ते जंतू वाढत होते. ज्यांनी पाय बुडवायच्या आधी घरी केस काढले होते त्यांना जास्त त्रास झाला, कारण कातडीला बारीक चिरा होत्या. ताईने पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे पाणी बदलून पण उपयोग नाय, जाळी घासली नाय तर."

बघा. मी ती गोष्ट पाणी बदला म्हणून सांगत होते.

शेवटी तिनेच तोड काढली. खळखळाट करणारा तो मोठा टब बाजूला ठेवला आणि दोन साधी प्लास्टिकची टोपं आणली, चार तांबे पाणी मावेल एवढी. जाळी नाही, मोटर नाही, घासायला दोन मिनिटं. दर कस्टमरला नवं पाणी, तरीही पहिल्यापेक्षा कमी. वापरलेलं साबणपाणी ती मोरी धुवायला वापरते. आणि वॅक्स ज्या दिवशी केलं त्या दिवशी पेडिक्युअर करायचं नाही, असं आता आम्ही कस्टमरला सांगतो. काही जणी रुसतात. लग्नघरातल्यांना एकाच दिवशी सगळं हवं असतं. काहींना आम्ही गमावलं पण, ते मॅडमना अजून आवडलेलं नाही.

मघाशी म्हटलं होतं ना, कोविडमध्ये आमचं कधी वाजलं नाही, त्यावर परत येते. तेव्हा नियम बाहेरून आला होता. सरकारने सांगितलं, भिंतीवर लागलं, दोघींना सारखं. त्यात कुणी कुणाला घाण म्हटलं नव्हतं. म्हणून आम्ही परत कागद लावलाय. ताईच्या अक्षरात, कारण माझं अक्षर कुणाला लागत नाही. त्यात सकाळी कोण, दुपारी कोण, औषध कुणी कालवलं आणि किती वाजता, मोरीत काही ओतून ठेवलं असेल तर ते. हा शेवटचा मुद्दा तिने लाल पेनाने लिहिलाय आणि त्याच्याखाली दोन रेघा. मी पाहते तेव्हा दंड दुखतो.

टॉवेलवर अजून एकमत नाही. ती म्हणते घरी उकळलेला चालतो, मी म्हणते चालतो, पण एका कस्टमरला एकच. ती म्हणते मग धुणार कोण. त्यावर गाडी अडलीय. आणि रविवारी मॅडम स्वतः कामाला उभ्या राहतात तेव्हा त्या काय काय करतात हे आम्ही दोघी बघतो आणि एकमेकींकडे बघतो. मालकिणीला कागद दाखवायची हिंमत अजून दोघींत नाही. तुमच्यापैकी कुणी दाखवला असेल तर कसा दाखवला ते मला नक्की कळवा.

राहिला दोरा. तो सगळ्यात अवघड निघाला. अठरा-वीस वर्षं ज्या दातात दोरा धरला तो एकदम गळ्यात नाही जात. ताण बदलतो, मान आखडते, पीळ उलटा फिरतो. पार्लरमध्ये कस्टमरवर शिकायचं नाही असं तिनेच ठरवलं, चेहऱ्याचं काम आहे. मग आमचा सराव चालतो संध्याकाळच्या गाडीत. पेण सुटलं की ताई रीळ काढते, दोरा तोडते, गळ्यात अडकवते आणि माझा हात मांडीवर घेते. कासूपर्यंत मनगट, नागोठण्यापर्यंत कोपर. मावळणबाई समोर बसून सूचना देते, तिला यातलं काही कळत नाही. परवा निडी गेल्यावर ताई म्हणाली, आता भुवई दे. मी म्हटलं, गाडी हलतेय हो ताई. ती म्हणाली, "मी तुला चार महिने थांबवलं होतं, मी चार आठवडे थांबलेय. दे."

दिली. रोह्याला उतरेपर्यंत उजवी छान झाली. डावी जरा बारीक झालीय, हा भाग ऐकताय म्हणून बरं, दिसत नाही तुम्हाला. ताई म्हणते महिनाभरात भरून येईल.

चला, कुकर बंद करते. भेटू.